रेणूची पकड मोजताना

चंदगड तालुक्यात मिरगाचा पाऊस लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटते आणि भिंतींना ओल येते. सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला कोल्हापूर जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा कोपरा. एका बाजूला सिंधुदुर्ग, दुसऱ्या बाजूला बेळगाव. गोठ्यातल्या पोत्यांनाही ही ओल चुकत नाही. शेंगपेंड, सरकी पेंड, मक्याचा भरडा हे सगळे बुरशीचे आवडते खाद्य. त्यातली अस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन बी१ नावाचे विष तयार करते. पेंड जनावराच्या पोटात जाते. त्याचे यकृत त्या विषाच्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडते आणि त्याचे अफ्लाटॉक्सिन एम१ होते. खाल्ल्यापासून दिवसभराच्या आतच ते दुधात उतरते. दूध उकळा, पाश्चराइझ करा नाहीतर विरजा, ते फारसे हलत नाही.

अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग घडवते हे सिद्ध झाले आहे. म्हणून भारतात दुधातल्या एम१ची कमाल मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे, म्हणजे दोनशे कोटी भाग दुधात एक भाग विष. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम१ या मर्यादेपलीकडे होते. त्या सर्वेक्षणात पाण्याच्या भेसळीपेक्षाही ही बाब जास्त चिंतेची ठरली.

डेअरीला दूध घालायला गेल्यावर फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) किती लागले हे जागच्या जागी कळते, कारण ते घटक दुधात शेकड्याच्या हिशेबात असतात. दोनशे कोटीत एक असलेली वस्तू शोधायची तर तिला गर्दीतून नेमके हेरून धरून ठेवणारे काहीतरी हवे. ते काम प्रतिपिंड करते, म्हणजे आपण बोलताना ज्याला अँटीबॉडी म्हणतो ते प्रथिन. आता कायद्याने मर्यादेचा एक आकडा ठरवला, की प्रतिपिंडाची पकड निदान किती घट्ट हवी हेही आपोआप ठरून जाते. म्हणूनच ही पकड मोजावी लागते. आणि मोजायला बसले की लक्षात येते, ‘घट्ट’ या एका शब्दात दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत.

लहान रेणूची अडचण

प्रतिपिंड हे मोठे, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिन. त्याचा रेणुभार सुमारे दीड लाख. वायच्या दोन्ही टोकांना एकेक खाच असते आणि प्रतिपिंड ज्याला धरते तो रेणू, म्हणजे प्रतिजन, तिथे बसतो. अफ्लाटॉक्सिन एम१चा रेणुभार अवघा ३२८. पेनिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशी प्रतिजैविकेही याच मापाची. एवढ्याशा रेणूची शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा दखलच घेत नाही. नुसते अफ्लाटॉक्सिन सशाला टोचले तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होणार नाहीत. तोच रेणू एखाद्या मोठ्या प्रथिनाला रासायनिक दुव्याने जोडून टोचला तर मात्र होतात. अशा एकटा असताना दुर्लक्षिला जाणाऱ्या आणि वाहक मिळताच ओळखल्या जाणाऱ्या रेणूला हॅप्टेन म्हणतात.

चंदगडच्या काजू कारखान्यांत हे तत्त्व रोज हाताला जाणवते. काजूच्या टरफलातले तेल कातडीला लागले की ती काळवंडते, फोड येतात. बी फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावतात, हातमोजे घालतात, ते यासाठीच. बिबा उततो तोही याच जातीचा प्रकार. काजू आणि बिबा एकाच कुळातले. या तेलातले लहान रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि ती जोडगोळी शरीराला परकी वाटते. तिथे हल्ला करतात त्या टी-पेशी, प्रतिपिंडे नव्हेत. कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ साली गिनीपिगांवर ते दाखवून दिले. संवेदनशील झालेल्या प्राण्याच्या पेशी दुसऱ्याला दिल्या की ही प्रवृत्ती दुसऱ्यात उतरे, नुसता रक्तद्रव देऊन ती उतरत नसे.

रक्तगटांच्या शोधासाठी १९३० साली नोबेल मिळालेल्या लँडस्टायनर यांनी आयुष्याचा मोठा काळ हॅप्टेनवरच घालवला. बेंझीनच्या कड्यावर एक आम्लगट शेजारच्या जागी, एक घर सोडून किंवा अगदी समोर बसवायचा आणि त्यातल्या एका रचनेविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे बाकीच्या दोन रचनांना ओळखतात का ते पाहायचे. अणू तेच, संख्या तीच, फक्त जागा बदललेली. तरीही प्रतिपिंडांना फरक कळत असे. एका रचनेला ती जोरात धरत, दुसरीला जेमतेम, तिसरीला जवळपास नाहीच. पकड ही आहे किंवा नाही अशी दोन टोकांची बाब नसून तिला पायऱ्या असतात, हे तिथून स्पष्ट झाले. पायऱ्या असल्या की त्या मोजायची इच्छा होणारच.

पहिला आकडा: समतोलाचा

१९४९ साली हर्मन आयझेन आणि फ्रेड कारुश यांनी ही मोजणी फार साध्या साधनाने केली. पातळ पटलाच्या पिशवीत प्रतिपिंडांचे द्रावण भरायचे आणि ती पिशवी रंगीत हॅप्टेनच्या द्रावणात सोडायची. पटलाची छिद्रे इतकी बारीक, की हॅप्टेन आत-बाहेर सहज फिरतो, प्रतिपिंड मात्र आतच अडकून राहते. बरेच तास गेले की मोकळ्या हॅप्टेनचे प्रमाण आत आणि बाहेर सारखे होते. पण आत प्रतिपिंडांनी धरून ठेवलेला हॅप्टेनही असतो. त्यामुळे आतला रंग बाहेरपेक्षा जितका गडद, तितका हॅप्टेन पकडीत. प्रतिजन लहान असण्याची अडचण इथे सोयीची ठरली, कारण मोठे प्रथिन पटलातून गेलेच नसते. एका प्रतिपिंडाला दोन खाचा असतात, हेही या प्रयोगातून आकड्यांनिशी पुढे आले.

यातून जो आकडा मिळतो त्याला विघटन स्थिरांक म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर हॅप्टेनच्या ज्या तीव्रतेला प्रतिपिंडांच्या निम्म्या खाचा भरलेल्या असतात, ती तीव्रता. आकडा जितका लहान, पकड तितकी चांगली, कारण थोडक्या मालातही निम्म्या खाचा भरतात. हॅप्टेनविरोधी प्रतिपिंडांमध्ये तो साधारणपणे मायक्रोमोलरपासून नॅनोमोलरच्याही खालपर्यंत पसरलेला असतो, म्हणजे हजार-दहा हजार पटींचा फरक. आयझेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी १९६४ साली दाखवले, की एकाच सशातली प्रतिपिंडे टोचणीनंतरच्या आठवड्यांत अधिकाधिक घट्ट धरू लागतात. शरीर स्वतःच चांगल्या पकडीची निवड करत असते.

आता दुधाची मर्यादा या हिशेबात बसवून पाहू. लिटरमध्ये ०.५ मायक्रोग्रॅम एम१, रेणुभार ३२८. भागाकार केला की तीव्रता येते सुमारे १.५ नॅनोमोलर. समजा आपल्या प्रतिपिंडाचा विघटन स्थिरांक एक मायक्रोमोलर, म्हणजे हजार नॅनोमोलर आहे. मर्यादेइतके विष असलेल्या दुधात त्याच्या हजार खाचांपैकी एखाद-दुसरीच भरेल. विष नसलेल्या दुधात एकही भरणार नाही. हा फरक दूध तपासायच्या कुठल्याही कागदी पट्टीवर डोळ्यांना दिसणार नाही. स्थिरांक एक नॅनोमोलर असेल तर मात्र निम्म्याहून जास्त खाचा भरतात आणि फरक लख्ख दिसतो. युरोपात मर्यादा याच्या एक दशांश आहे, तिथे पकड आणखी चांगली लागते. एवढ्याशा तीव्रतेचा अर्थ रेणू थोडे असा मात्र नाही. मर्यादेवरच्या २०० मिलिलिटर दुधाच्या पेल्यात एम१चे सुमारे १८० लाख कोटी रेणू असतात. ते दुधाच्या मानाने विरळ असतात, इतकेच.

दुसरा आकडा: धरून ठेवण्याचा वेळ

समतोलाच्या आकड्यामागे दोन वेग असतात, जोडी जुळण्याचा आणि सुटण्याचा. लहान रेणू द्रावणात चपळाईने फिरतात, त्यामुळे जुळण्याचा वेग निरनिराळ्या प्रतिपिंडांत फारसा बदलत नाही. चांगल्या आणि वाईट पकडीतला बराचसा फरक सुटण्याच्या वेगात असतो. जुळण्याचा एक नेहमीचा वेग धरून गणित केले, तर नॅनोमोलर पकडीची जोडी सरासरी हजार सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटे टिकते. मायक्रोमोलरची जोडी सेकंदभरात सुटते.

प्रयोगशाळेत एलायझा चाचणी करताना या वेळेला फार महत्त्व येते. प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या छोट्या खळग्यांना आतून प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यात दुधाचा नमुना घालतात आणि विकर जोडलेले थोडे अफ्लाटॉक्सिनही घालतात. दुधातले विष आणि हे खूण केलेले विष यांच्यात खाचांसाठी चढाओढ लागते. मग खळगे चार-पाच वेळा धुतात. धुण्यात सुटून जाणारी जोडी असेल तर सगळे मुसळ केरात. उरलेल्या विकराने रंग येतो, आम्ल घातले की निळ्याचा पिवळा होतो आणि यंत्र त्याची गडदता वाचते. रंग जितका फिका, दुधात विष तितके जास्त. अशा चढाओढीच्या चाचणीची कल्पना रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची. इन्शुलिन मोजण्यासाठी त्यांनी ती किरणोत्सारी खुणेवर उभी केली होती. यॅलो यांना १९७७ साली त्यासाठी नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. किरणोत्साराची जागा त्याआधीच, १९७१ साली, विकराने घेतली होती.

सुटण्याचा वेग थेट पाहायचा तर सोन्याच्या पातळ थरावर एक भिडू बसवतात, दुसरा वरून वाहू देतात आणि थरावरचे ओझे किती वाढले ते परावर्तित प्रकाशावरून टिपतात. इथे मात्र लहान रेणू अडचणीचा होतो. दीड लाख रेणुभाराच्या प्रतिपिंडावर ३२८ रेणुभाराचा पाहुणा बसला, तर ओझ्यात जेमतेम ०.२ टक्के भर पडते. म्हणून बऱ्याचदा उलटी मांडणी करतात. हॅप्टेन थरावर पक्का बसवायचा आणि प्रतिपिंड वाहू द्यायचे.

तिसरा आकडा: ओढून पाहिले तर

वरच्या दोन्ही आकड्यांत कोणी कोणाला ओढलेले नाही. जोड्या आपल्या आपण जुळल्या, आपल्या आपण सुटल्या. पण एका जोडीला धरून खरोखर ताणले तर किती बळ लागेल? १९८६ साली गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक बनवला आणि हा प्रश्न प्रयोगाच्या टप्प्यात आला. त्यात केसापेक्षाही बारीक अशी लवचिक पट्टी असते, तिच्या टोकाला सुई. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पाडतात. पट्टी नॅनोमीटरभर वाकली तरी परतणारा किरण सरकतो आणि किती वाकली यावरून बळ कळते.

मोजमापाचे एकक पिकोन्यूटन, म्हणजे न्यूटनचा एक लाख-कोटीवा भाग. म्युनिकमध्ये हेरमान गाउब आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली बायोटिन हे लहान जीवनसत्त्व आणि अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन यांची जोडी ओढून तोडली. एका जोडीला सुमारे १६० पिकोन्यूटन लागले. ही निसर्गातल्या सर्वांत घट्ट जोड्यांपैकी एक. १९९६ साली पीटर हिंटरडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंड लवचिक दोरीने सुईला बांधले आणि पृष्ठभागावरच्या प्रथिनापासून ओढले. २४० पिकोन्यूटनच्या आसपास आकडा आला. लहान रेणूंसाठी संशोधकांनी फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग निवडला. त्याचा रेणुभार ३३२, जवळजवळ अफ्लाटॉक्सिनइतकाच.

हा प्रयोग पडद्यावर असा दिसतो. सुई खाली येते, पृष्ठभागाला टेकते, मागे फिरते. बहुतेक वेळा काहीच घडत नाही, रेघ सपाट. मधेच एखाद्या वेळी मागे फिरताना रेघ खाली झुकत जाते, दोरी ताणली जात असते. आणि एकदम टप्पदिशी रेघ मूळ पातळीवर येते. तोच जोडी सुटल्याचा क्षण. सुईवर मुद्दामच इतकी थोडी प्रतिपिंडे ठेवतात, की बहुतेक स्पर्श वाया जावेत. तसे केले तरच सुटली ती एकच जोडी होती असे म्हणता येते. अशा शेकडो ओढण्यांतून सर्वाधिक वेळा दिसणारे बळ काढतात. मग द्रावणात मोकळा हॅप्टेन ओततात. खाचा आधीच भरल्या की झुकणाऱ्या रेघा जवळपास दिसेनाशा होतात. सुई नुसती चिकटत नव्हती, खाचेतूनच ओढली जात होती, याची ती खात्री.

तरीही हे बळ म्हणजे जोडीचा स्वतःचा पक्का गुण नव्हे. भात लावणीच्या चिखलात रुतलेला पाय झटक्यात उपसायला गेले तर जोर लागतो, हळूहळू उचलला तर थोडक्यात निघतो. रेणूंचेही तसेच, पण कारण वेगळे. चिखल चिकट असतो म्हणून अडवतो. रेणूंच्या जोडीला मात्र आजूबाजूच्या पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात आणि ओढले नाही तरी ती कधी ना कधी सुटणारच असते. ओढ फक्त ती वेळ जवळ आणते. सावकाश ओढले तर धक्क्यांना भरपूर संधी मिळते आणि जोडी कमी बळातच सुटते. भरभर ओढले तर धक्का बसायच्या आतच ताण वाढून जातो. एव्हान इव्हान्स यांच्या गटाने १९९९ साली बायोटिनची तीच घट्ट जोडी निरनिराळ्या वेगांनी ओढली, तेव्हा बळ सुमारे ५ पासून १७० पिकोन्यूटनपर्यंत बदलत गेले. जोडी तीच, उत्तरे पस्तीसेक पटींनी वेगळी.

जॉर्ज बेल यांनी १९७८ सालीच याचे सूत्र मांडले होते. सुटण्याच्या वाटेवरचा उंबरा अर्ध्या नॅनोमीटरवर आहे असे धरले, तर ओढीतल्या दर ८ पिकोन्यूटनला सुटण्याचा वेग पावणेतीन पटींनी वाढतो. आपली १७ मिनिटे टिकणारी नॅनोमोलर जोडी ५७ पिकोन्यूटनच्या ओढीखाली सेकंदभरच टिकेल. हे बळ किती लहान? एक ग्रॅम वजन तोलून धरायला ५० पिकोन्यूटन सोसणाऱ्या सुमारे २० कोटी जोड्या एकाच वेळी लागतील.

मग ओढून मिळालेल्या आकड्याचा उपयोग काय? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्लुओरेसीनविरोधी निरनिराळी प्रतिपिंडे घेऊन प्रत्येकाचे सुटण्याचे बळ आणि ओढ नसतानाचा सुटण्याचा वेग शेजारी शेजारी मांडला गेला. दोघांची सांगड बसली. जी जोडी एरवी सावकाश सुटते, तिला ओढून सोडवायलाही जास्त बळ लागते. म्हणजे दुसरा आणि तिसरा आकडा एकमेकांची साक्ष देतात, मात्र ओढण्याचा वेग सारखा ठेवला तरच. पिकोन्यूटनचा आकडा वेगाशिवाय सांगितला तर तो अर्धवट.

एकेका रेणूला धरून ओढण्याचे काम महाराष्ट्रातही चालते. पुण्याच्या आयसरमध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाने प्रथिनांच्या घड्या ओढून उलगडल्या जातात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने लेसरच्या चिमट्याने पेशीतल्या ओझेवाहू प्रथिनांचे बळ मोजले. त्या चिमट्याचे जनक आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ साली नोबेल मिळाले.

पुन्हा दुधाच्या पट्टीकडे

दूध जमा होते त्या ठिकाणी एलायझाचे यंत्र असतेच असे नाही. तिथे कागदी पट्टी वापरतात. नमुन्यात सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडे मिसळतात. द्रव पट्टीवरून चढतो. वाटेत एका रेघेवर अफ्लाटॉक्सिन पक्के बसवलेले असते. दूध स्वच्छ असेल तर प्रतिपिंडांच्या खाचा रिकाम्या असतात, ती रेघेवर अडकतात आणि लाल रेघ उमटते. दुधात विष असेल तर खाचा आधीच भरलेल्या, म्हणून रेघ फिकी किंवा गायब. गरोदरपणाच्या पट्टीच्या नेमके उलट, म्हणून वाचताना गफलत होऊ शकते. शेजारची दुसरी रेघ मात्र उमटायलाच हवी. ती नसेल तर पट्टीच निकामी समजायची.

पट्टीवर द्रव काही मिनिटेच वाहतो. पिशवीच्या प्रयोगात तासन्‌तास थांबता येत होते, इथे तेवढी सवड नाही. म्हणून पट्टीसाठी प्रतिपिंड निवडताना त्याची समतोलातली पकड पाहतात, आणि जुळण्याचा व सुटण्याचा वेगही पाहतात. शिवाय ते कोणाकोणाला धरते हेही पाहावे लागते. एम१ आणि बी१ यांच्यात फरक फक्त ऑक्सिजनच्या एका अणूचा. एकाविरुद्ध केलेले प्रतिपिंड दुसऱ्यालाही काही प्रमाणात धरतेच. किती धरते हे मोजून ठरवले नाही तर पट्टीच्या रेघेचा अर्थ लावता येत नाही. लँडस्टायनर यांच्या पायऱ्या इथे आल्या. एकाच ठरावीक पकडीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली, ती जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच पेशीच्या वंशातली प्रतिपिंडे बनवण्याची रीत काढल्यावर. त्याआधी प्रत्येक सशाचा रक्तद्रव वेगळा आणि पकडही वेगळी.

आता गोठ्यातला हिशेब. समजा एक गाय दिवसाला पाच किलो खुराक खाते. पशुखाद्यासाठी बी१ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे पोटात गेले १०० मायक्रोग्रॅम. त्यातले दोनेक टक्के दुधात उतरते असे धरले तर दोन मायक्रोग्रॅम. दूध दहा लिटर, तर लिटरला ०.२, म्हणजे मर्यादेच्या आत. त्याच खुराकाला पावसाळ्यात ओल लागून बी१ किलोला १०० मायक्रोग्रॅमवर गेले, तर दूध लिटरला एक मायक्रोग्रॅमवर, मर्यादेच्या दुप्पट. पेंड खराब आहे हे डोळ्यांना दिसेलच असे नाही. बुरशी मरून गेली तरी विष मागे राहते. पोती जमिनीला न टेकवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवणे आणि ओलावा धरलेला माल जनावरापुढे न टाकणे, हाच खरा उपाय.

या उपायाचा गुण लवकर दिसतो. खराब खुराक बंद केला की तीन-चार दिवसांत दुधातले एम१ जवळजवळ नाहीसे होते. म्हणजे नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून आठवड्याने उत्तर आले, तर तोवर ते दूध पिऊनही झालेले असते आणि पोतेही संपलेले असते. उत्तर त्याच दिवशी, काही मिनिटांत मिळाले तरच कोणते पोते बाजूला काढायचे हे ठरवता येते. दोनशे कोटीत एक इतके विरळ विष एवढ्या थोड्या वेळात हेरायचे, तर चटकन जुळणारे आणि नॅनोमोलर पकडीचे प्रतिपिंडच लागते. मोजून न घेतलेल्या पकडीची पट्टी रेघ दाखवेल, पण त्या रेघेवर विसंबून पोते फेकावे की ठेवावे, हे कोणी सांगू शकणार नाही.